पुस्तकातून गेलेले कुलूप

फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रामरने १९९१ साली ‘प्रेटी गुड प्रायव्हसी’ ही कूटलेखनाची प्रणाली फुकट वाटली. तिच्यामागील कल्पना १९७६ सालची, डिफी आणि हेलमन यांची. प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी: एक जगजाहीर, दुसरी केवळ स्वतःपाशी. जाहीर किल्लीने बंद केलेली फाइल खाजगी किल्लीनेच उघडते. उलट खाजगी किल्लीने केलेली स्वाक्षरी कोणालाही जाहीर किल्लीने पडताळता येते. कागदावरच्या शिक्कामोर्तबापेक्षा ही स्वाक्षरी कडक, कारण मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही.

अमेरिकी कायद्याच्या लेखी मात्र बळकट कूटलेखन म्हणजे युद्धसाहित्य! प्रणाली इंटरनेटवरून परदेशी पोचली आणि १९९३ मध्ये झिमरमन यांची चौकशी सुरू झाली. जानेवारी १९९६ मध्ये ती आरोपपत्राविना मिटली. तोवर तुरुंगाची टांगती तलवार होतीच. दरम्यान, १९९५ साली एमआयटी प्रेसने प्रणालीची संपूर्ण संहिता पुस्तकरूपाने छापली. १९९७ मध्ये तर पुढच्या आवृत्तीची छापील पाने रीतसर युरोपात नेऊन, स्कॅन करून, त्यांतून पुन्हा चालता प्रोग्राम उभा करण्यात आला. डिस्कला बंदी आणि पुस्तकाला मुभा, हा विनोद सरकारनेच केलेला.

१९९९ साली जर्मनीच्या वेर्नर कॉख यांचे मुक्त ‘जीएनयू प्रायव्हसी गार्ड’ आले. नवशिक्याने त्यात प्रथम आपली जोडी घडवायची. पण समोरून आलेली जाहीर किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची, याची हमी गणित देत नाही. तिचा ठसा, म्हणजे चाळीस आकडे-अक्षरे, ओळखीच्या आवाजात फोनवर वाचून घ्यावा लागतो.