पायाखालचं लाकूड

1684 साली व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवरी फरशी उखडायचं काम निघालं. ही फरशी सतत धुवावी लागे. धुतलेलं पाणी सांध्यांतून खाली मुरे आणि ज्यांच्यावर सगळा भार होता त्या लाकडी तुळया कुजत. म्हणून संगमरवर काढून तिथे ओकची सुतारकामाची जमीन घालण्यात आली. युरोपातल्या सर्वांत श्रीमंत राजाच्या घरात दगडाला हटवून लाकूड आलं, ते पाण्यामुळे. आज पुण्या-मुंबईत कुणी घरासाठी लाकडी जमीन निवडायला निघतं तेव्हा दुकानदार रंग दाखवतो, रेषा दाखवतो, टणकपणाचे आकडे सांगतो. पण या जमिनीच्या चारशे वर्षांच्या घडणीत प्रत्येक वळण पाण्याने आणलेलं आहे, आणि निवडही तिथूनच सुरू व्हायला हवी.

झाड तोडलं तरी लाकूड हवेशी देवाणघेवाण थांबवत नाही. हवेत 30 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण 6 टक्के पाणी टिकतं; आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की तेच लाकूड 18 टक्क्यांच्या आसपास पोचतं. पाणी शिरलं की फळी रुंदीत फुगते, निघालं की आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. त्यातही एक मेख आहे. खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेला लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते वर्षवलयांच्या कडेकडेने आकसतं. म्हणून सरळ कापलेली फळी पुढे पापडासारखी वाकते.

व्हर्सायच्या सुतारांकडे हे आकडे नव्हते, पण जाण पुरेपूर होती. त्यांनी लांब फळ्या टाळल्या. साधारण हातभर-दोन हात लांबीचे तुकडे तिरपे गुंफून मोठे चौकोन बांधले, एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवली आणि सांधे लाकडी खुंट्यांनी अडकवले. तुकड्यांच्या दिशा वेगवेगळ्या असल्यामुळे फुगणं-आकसणं एका बाजूला साठत नाही, शेकडो बारीक सांध्यांत वाटलं जातं. 1693 मध्ये क्रोनस्ट्रोम नावाच्या स्वीडिश माणसाने व्हर्साय आणि त्रियानो या राजवाड्यांमधल्या या तिरप्या चौकटींची आवर्जून नोंद केली. आज आपण ती नक्षी म्हणून पाहतो आणि चौरस फुटाला जास्त पैसे मोजतो. मुळात ती लाकडाला हलायला दिलेली जागा होती.

सामान्य माणसाच्या घरात हे परवडणारं नव्हतं. तिथे रुंद फळ्या वरून खिळे ठोकून बसवत आणि हिवाळ्यात पडणाऱ्या फटींसह जगत. हातरंध्याने प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच काढायची म्हणजे सुताराचे दिवसच्या दिवस जात. ग्लासगोच्या माल्कम म्यूरने 1827 मध्ये आणि अमेरिकेत विल्यम वुडवर्थने 1828 मध्ये हे काम यंत्रावर आणलं. वुडवर्थच्या यंत्रात फिरती पाती फळी रंधत आणि तिच्या कडाही घडवत. त्याचं पेटंट वाढवून वाढवून 1856पर्यंत ताणलं गेलं, आणि तोवर कितीतरी लाकूड-गिरण्यांना त्याच्या हक्कदारांना पैसे भरावे लागले, कोर्टकज्जे झाले. पण ते संपल्यावर अरुंद, एकसारख्या, जीभ-खाचेच्या पट्ट्या मध्यमवर्गीय घरात आल्या. खिळा आता जिभेतून तिरपा जाऊन लपला. फळी अरुंद झाल्याने प्रत्येक फटही बारीक झाली. वर्षभरातली हालचाल थांबली नव्हती, फक्त डोळ्यांना दिसेनाशी झाली.

आपल्याकडे लाकडी जमीन नव्हती असा एक समज आहे, तो खरा नाही. वाड्याची माडी कशावर उभी असे? तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. हा कडीपाट खालच्या माणसाला छत म्हणून दिसे आणि वरच्याच्या पायाखाली असे. पण आपल्या सुताराने फळी उघडी ठेवली नाही. तिच्यावर मातीचा जाड थर, वर सारवण किंवा चुना. त्या थरामुळे लाकडाला एका दिवसात ओलं-कोरडं व्हावं लागत नसे, उष्णता अडे, वरच्या पावलांचा आवाजही दबे. शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून, दगड चिंचवडहून आणि चुना जेजुरीहून आणल्याचं सांगतात. 1828च्या आगीत त्यातलं लाकूड गेलं, दगडी जोतं राहिलं. पुण्यातल्याच 1807च्या विश्रामबागवाड्यात मात्र त्या काळचं सागकाम आजही पाहता येतं.

सागाचा खरा कस लागला तो समुद्रावर. नेपोलियनबरोबरच्या युद्धांनी इंग्लंडमधला ओक आटला, तेव्हा मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारी सागाची लढाऊ जहाजं बांधली. 1817 मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, साग खात नाही. सागात तेल असतं आणि त्याचा गाभा वाळवीलाही सहसा बधत नाही. जहाजाच्या लाकडी डेकची रीत तर या सगळ्या कथेवर प्रकाश टाकणारी आहे. फळ्यांच्या फटींत दोराचे धागे ठासून वर डांबर ओतायचं आणि उन्हाच्या प्रदेशात डेक पुन्हा पुन्हा ओलं करायचं, म्हणजे फळ्या फुगलेल्या राहतात आणि फटी मिटतात. म्हणजे नुसतं पाणी लाकडाचा घात करत नाही. आज ओलं, उद्या कोरडं, परवा पुन्हा ओलं, हे त्याला सोसत नाही.

आणि आपलं हवामान नेमकं तसंच आहे. पुण्यात तर मुंबईपेक्षाही जास्त, कारण एप्रिलची कोरडी दुपार आणि जुलैची झड यांतलं अंतर घाटावर मोठं असतं. साधा हिशेब मांडून पाहा. उन्हाळा ते पावसाळा लाकडातलं पाणी सहा टक्क्यांनी वाढलं, तर सरळ कापलेल्या सागाची 15 सेंटिमीटर रुंद फळी जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर फुगायला बघते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत ही बेरीज 35 मिलिमीटरपर्यंत जाते. लाल ओक असेल तर 50च्या पुढे. भिंतीशी जागा ठेवली नसेल तर एवढं लाकूड जाणार कुठे? मध्येच वर उचललं जातं.

दुकानात टणकपणाची जी संख्या सांगतात ती गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन संशोधकाच्या चाचणीची. 1906 मध्ये त्याने सुचवलेली रीत अशी: 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो ते मोजायचं. हार्ड मेपलला साधारण 650 किलो, लाल ओकला 585, सागाला 500च्या आतबाहेर. खुर्चीचे पाय, कुत्र्याची नखं, पडलेला तवा यांच्यासाठी हा आकडा कामाचा आहे. पण त्यात पाण्याचा विचार नाही. सागाला या यादीत ओकच्या खाली बसवणाऱ्या माणसाने आपल्याकडचा पावसाळा पाहिलेला नसतो, असं मला ठामपणे वाटतं.

पाण्याला सर्वांत हुशार उत्तर स्वीडनमधून आलं. नीब्रू गावच्या गुस्ताव कॅरने 1941 मध्ये थरांच्या जमिनीचं पेटंट घेतलं. वर चांगल्या लाकडाचा थर, मधे स्वस्त लाकूड, पण वरच्या रेषांना आडवं लावलेलं. लाकूड लांबीत हलत नाही, म्हणून मधला थर वरच्याला रुंदीत धरून ठेवतो. व्हर्सायच्या सुताराने दिशा बदलून जे एका पातळीवर साधलं होतं, ते कॅरने फळीच्या पोटात नेलं. बाजारात याला ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हणतात आणि ते नाव ऐकून अनेकजण त्याला नकली समजतात. ते खरं लाकूड आहे. नकली म्हणायचं तर लॅमिनेटला म्हणावं. तेही स्वीडनचंच, 1970च्या दशकाच्या अखेरचं. त्यात दाबलेल्या भुश्शाच्या पाटावर लाकडाचा छापील फोटो असतो. ‘वुडन फ्लोअरिंग’ या एका नावाखाली आपल्याकडे दोन्ही विकलं जातं, तेव्हा तुकडा हातात घेऊन त्याची कड पाहावी. वरचा लाकडी थर 3 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर काही वर्षांनी घासून पुन्हा नवा करता येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्याला ती संधी नाही.

जमीन घालण्याआधी खालची ओल तपासावी: स्लॅबवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. खाली दव साचलं किंवा सिमेंट काळवंडलं तर काम थांबवावं. फळ्या आणल्या की त्याच खोलीत काही दिवस राहू द्याव्यात. भर पावसात किंवा भर मे महिन्यात जमीन घालू नये. भिंतीशी सेंटिमीटरभर जागा सोडावी, ती पट्टीखाली झाकली जाते. रोज बादलीभर पाण्याने पुसायची सवय मोडवणार नसेल त्या घराने सरळ फरशीच ठेवावी, त्यात कमीपणा नाही.

अखंड सागच हवा असेल तर माझं मत जुन्या सागाला. मुंबईतल्या चाळी आणि जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि वासे लाकूडबाजारात येतात. कितीतरी पावसाळे झेललेलं हे लाकूड आपल्या हवेला सरावलेलं असतं. अरुंद पट्ट्या कापून घ्याव्यात, आणि कापताना टोकाला वर्षवलयं उभी दिसतील अशा. सरळ कापलेल्या, आडव्या वलयांच्या पट्ट्यांच्या मानाने त्या साधारण निम्म्याच हलतात. खिळ्यांची भोकं राहतील, ती भरून घेता येतात. फक्त करवतीखाली घालण्याआधी प्रत्येक तुळईवरून लोखंड शोधणारं यंत्र फिरवून घ्यायला गिरणीवाल्याला सांगावं. जुन्या सागात मोडलेले खिळे खोलवर असतात आणि एका खिळ्यानेही पातं जातं.