बारा झिरो बारा

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे. मध्यंतरी म्हणाला, "मामू, घरीच सोल्डरिंग स्टेशन बनवतोय. तपकीर गल्लीत येता का माझ्याबरोबर?" मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. पण बुधवार पेठेतली ती गल्ली मला लहानपणापासून पाठ आहे. नाव तपकिरीचं, माल सगळा विजेचा.

शिवाय हे काम आमच्या घराला अगदीच परकं नाही. माझे आजोबा कल्हई करायचे. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. सोल्डरिंगमध्येही कथीलच असतं, फक्त बहुधा शिसं मिसळलेलं (म्हणून ते जेवणाच्या भांड्याला कधी लावू नये). आयर्नच्या टोकालाही आधी कल्हईच करावी लागते. आजोबा ताप नजरेनं ओळखत. भाच्याचं स्टेशन टोकाचं तापमान मोजून वीज कमी-जास्त करणार.

वाटेत त्यानं शंका काढली. ट्रान्सफॉर्मर महाग आणि जड. त्यापेक्षा २३० व्होल्टचंच आयर्न घेतलं आणि पंख्याच्या रेग्युलेटरसारखं सर्किट लावलं तर?

मला माझा उजवा हात आठवला. शाळेत असताना आमच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे जुना व्हॉल्व्हचा रेडिओ उघडा पडला होता. मी आतल्या पत्र्याला बोट लावलं आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळलो. पुढे कळलं की तो 'एसी-डीसी' सेट होता. एकेकाळी काही शहरांत घरोघरी डीसी वीज येई, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून अशा सेटमध्ये तो नसेच. घरातल्या विजेची एक तार सरळ पत्र्याला जोडलेली असायची. प्लग उलटा बसला की पत्र्यात करंट.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज कमी करतो, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण तो दोन वेटोळी एकमेकांपासून वेगळी ठेवतो, हे मला जास्त मोलाचं वाटतं. फॅरेडेनं २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडाच्या कड्यावर तांब्याच्या तारांची दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकातली वीज चालू किंवा बंद करताच दुसऱ्याला जोडलेली सुई हलली. तारेला तार न भिडता! वीज सतत बदलती हवी, एवढीच अट. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या तीन इंजिनिअरांनी त्यावरून रोजच्या वापराचं यंत्र केलं.

याच यंत्रानं व्होल्टेज वाढवताही येतं. दहापट वाढवलं की तेवढ्याच शक्तीला करंट दहावा हिस्सा लागतो आणि तारेत वाया जाणारी वीज शंभराव्या हिश्श्यावर येते. वीज दूर नेता येऊ लागली ती यामुळे. त्याची किंमत आपल्या जिल्ह्यानं मोजली आहे. मुळशीचं पाणी अडवून ते घाटाखाली भिऱ्याला सोडायचं आणि तिथली वीज मुंबईला न्यायची, ही टाटांची योजना. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीकरांनी सत्याग्रह केला. तीन वर्षं तो चालला आणि हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. शेती इथली बुडाली आणि चक्रं तिकडची फिरली. मी यंत्राला दोष देत नाही. पण खांबावरचा ट्रान्सफॉर्मर दिसला की मला ती गावं आठवतात.

असो. आम्ही दुकानात पोचलो. भाच्याचं आयर्न २४ व्होल्ट, ५० वॅटचं. म्हणजे दोन अँपिअरहून थोडं जास्त. तीनचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तो तापणार नाही. पण २४ व्होल्टची डीसी केली की ती चढून ३४ होते, आणि भार नसताना त्याहूनही वर जाते. त्याच्या सर्किटातल्या ७८०५ या आयसीची मर्यादा ३५. दुकानदारानं न विचारता तोडगा काढला, "बारा झिरो बारा घ्या, तीन अँपिअरचा." टोकाच्या दोन तारांत २४ व्होल्ट, ते आयर्नला, मधली आणि एक टोक यांत १२, ते सर्किटला.

एक हलका होता आणि स्वस्तही. आतली तार बहुधा ॲल्युमिनियमची. दुसरा हाताला जड लागला. भाच्यानं मल्टिमीटरची एक पिन २३० च्या तारेला लावली, दुसरी बाराच्या तारेला. मीटर वाजला नाही. "मामू, दोन्ही वेटोळी वेगळी आहेत." मग पैसे दिले.

घरी येऊन पेटीत सगळं बसवलं, तेव्हा लक्षात आलं की २३० च्या बाजूला लावायचा अर्ध्या अँपिअरचा फ्यूज आणलाच नाही. पुन्हा चप्पल घालून तपकीर गल्ली.