विमान समजून क्षेपणास्त्रावर गोळीबार: 1971 ची तोफ 2025 मध्ये काय करते?

हिंदमाताच्या घरातून बोलतोय, मागे बसचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या. आजचा प्रश्न: क्षेपणास्त्रांच्या जमान्यात विमानविरोधी तोफा भंगारात काढायच्या का?

डिसेंबर 1971. मुंबईत ब्लॅकआउट, खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे हेडलाइट अर्धे रंगवलेले. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. भीती एकच, विमान येईल. कराचीसमोर गस्त घालणाऱ्या पाकिस्तानी 'खैबर' विनाशिकेवरही तीच भीती होती. 4 डिसेंबरच्या रात्री आकाशात एक झगझगीत दिवा जवळ येताना दिसला. खलाशांना वाटलं, भारताचं विमान! त्यांनी बोफोर्स तोफा चालवल्या. ते होतं आपल्या 'निर्घात' बोटीनं सोडलेलं स्टिक्स क्षेपणास्त्र.

आता हिशोब बघा. स्टिक्सचा वेग सेकंदाला साधारण 300 मीटर. 40 मिलिमीटरच्या तोफेचा उपयोगी पल्ला चारेक किलोमीटर. म्हणजे हातात तेराएक सेकंद. जुनी बोफोर्स मिनिटाला सुमारे 120 गोळे टाकायची, म्हणजे एका नळीतून जेमतेम 25. तेही अंधारात, अंदाजानं. क्षेपणास्त्र लागल्यावरही 'खैबर'ने संदेश पाठवला तो विमानहल्ल्याचाच, आणि त्यातलं ठिकाणही चुकीचं. दुसऱ्या क्षेपणास्त्रानं जहाज बुडालं. मदत पोहोचायला उशीर झाला. दोनशेहून जास्त माणसं गेली. शत्रूची असली तरी माणसंच.

मग मे 2025. पश्चिम सीमेवर एका रात्रीत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन आले, असं सरकारनं सांगितलं. ते पाडायला पुढे होती त्याच बोफोर्सची धाकटी बहीण, एल-70. मिनिटाला 300 गोळे, शिवाय आता रडार आणि रात्री बघणारे कॅमेरे जोडलेले. ड्रोन संथ, खाली उडणारा आणि स्वस्त. त्याच्यावर महागडं क्षेपणास्त्र उडवणं म्हणजे डासासाठी घर जाळणं. माझ्या मते तोफेला तिच्या तोलामोलाचं गिऱ्हाईक पन्नासेक वर्षांनी मिळालं.

फक्त पल्ल्याचं काय ते बघा. हिंदमाताच्या पुलावर एक एल-70 ठेवली, तर तिचा मारा उत्तरेला माहीमपर्यंत आणि दक्षिणेला भायखळ्याच्या थोडं पुढे. गेटवे इथून सरळ रेषेत 9 किलोमीटर. तिथे दुसरी तोफ लागणार.