राणीच्या काखेतलं गळू

ज्याला जन्मात कधी गळू झालं नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. कुणाला मानेवर, कुणाला मांडीवर, तर कुणाला ऐन बसायच्या जागी. काखेत झालं, तर आपल्या आयाबायांनी त्याला काखमांजरी असं नाव ठेवलं आहे. नाव गमतीचं आहे. पण जिला ती होते तिला हात खाली सोडवत नाही, वर उचलवत नाही, आणि रात्र बसून काढावी लागते.

अशीच एक काखमांजरी १८७१ साली एका बावन्न वर्षांच्या बाईला झाली. ही बाई म्हणजे इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया. आपल्या देशाचा कारभारही तेव्हा तिच्याच नावाने चाले. पण गळू काही राजा-रंक पाहत नाही. स्कॉटलंडमधल्या बालमोरलच्या वाड्यात राणी तळमळत होती. गळू सहा इंच पसरलं होतं. ते कापायचं कुणी आणि कसं?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर फार जुनं आहे, आणि ते आपल्याच देशातलं आहे. सुश्रुतसंहितेत सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत: आम, पच्यमान आणि पक्व. आम म्हणजे कच्ची सूज. ती टणक असते, कातडीचा रंग पालटलेला नसतो आणि दुखणंही बेताचंच असतं. पच्यमान म्हणजे पिकत आलेली. सुया टोचाव्यात, मुंग्या डसाव्यात असा ठणका लागतो, ताप येतो, तहान लागते, बसल्या-निजल्या चैन पडत नाही. पक्व झाली की ठणका उतरतो, कातडीला सुरकुत्या पडतात, बोटाने दाबलं तर खळगा पडतो, आणि एका बाजूने दाबलं की पखालीतल्या पाण्यासारखा पू दुसऱ्या बाजूला सरकतो. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेलं तसंच ठेवणारा, या दोघांनाही सुश्रुताने सारखाच दोष दिला आहे.

गळू फोडण्याच्या कामाला तिथे ‘भेद्य’ म्हटलं आहे. शिष्याने ते माणसावर करण्याआधी कातडी पिशव्यांत पाणी आणि चिखल भरून, त्यांवर हात बसवायचा. शस्त्र पू दिसेपर्यंत एकदाच न्यायचं आणि चटकन काढून घ्यायचं. मग जखम धुऊन तीत तीळ, मध आणि तूप लावलेली वात घालायची, म्हणजे तोंड लवकर मिटत नाही. गुग्गुळ, वेखंड, मोहरी, कडुनिंबाचा पाला यांची धुरीही सांगितली आहे.

पुढे मात्र हे शस्त्राचं काम वैद्यांच्या हातून सुटत गेलं आणि गावोगावी ते न्हाव्याकडे आलं. युरोपातही तेच घडलं होतं. न्हाव्याचा हात हलका असे आणि नजर पक्की असे, यात शंका नाही. गळू कधी पिकलं हे त्याला बोट लावताच कळे. पण तोच वस्तरा सकाळी एकाच्या दाढीला आणि दुपारी दुसऱ्याच्या गळवाला लागे. त्यात न्हाव्याचा काय दोष? विलायतेतले पदवीधर सर्जनही तेव्हा एका रोग्याचं शस्त्र पुसून दुसऱ्याला लावत होते. रक्ताने ताठ झालेला अंगरखा म्हणजे अनुभवाची खूण, असं मानत होते. जखमेत पू धरणं हे बरं होण्याचंच लक्षण, असा समजही तिथे शतकानुशतकं चालत आला होता. कापणाऱ्याचं कसब चांगलं असायचं. पण शस्त्रावर डोळ्यांना न दिसणारं काय बसलं आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कापलेली माणसं पुष्कळदा कापण्याने नव्हे, मागाहून जखम सडल्याने दगावत.

ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टर नावाचे सर्जन याच कोड्यात पडले होते. कुजणं हे हवेमुळे नसून सूक्ष्म जीवांमुळे होतं, हे फ्रान्सच्या पाश्चर यांचं म्हणणं त्यांच्या वाचनात आलं. कार्लाइल गावात गटाराच्या मैल्यावर कार्बोलिक आम्ल टाकून घाण वास मोडतात, हेही त्यांना कळलं होतं. दोन्ही गोष्टी त्यांनी जोडल्या. १२ ऑगस्ट १८६५ रोजी, गाडीचं चाक पायावरून गेलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिकची पट्टी बांधली. हाड जुळलं आणि पोरगा आपल्या पायांनी चालू लागला. १८६७ साली त्यांनी हा सगळा अनुभव छापला. त्या लेखाच्या मथळ्यातच मोडलेल्या हाडाबरोबर गळवाचंही नाव होतं.

तेच लिस्टर ४ सप्टेंबर १८७१ रोजी बालमोरलला राणीच्या बिछान्यापाशी उभे राहिले. राणीला थोडं क्लोरोफॉर्म हुंगवलं. राजवैद्य जेनर कार्बोलिकचा फवारा चालवत होते, आणि त्या तिखट फवाऱ्याने राणीचं तोंडही भिजवलं, अशी आठवण सांगतात. लिस्टरांनी गळू कापलं. पू निघाला, राणीला आराम पडला, आणि जखमेत कापडाची वात घातली.

दुसऱ्या दिवशी वात काढून पाहतात तो आत पुन्हा पू साठलेला. वातीनेच तोंड बुजवलं होतं! आता पुन्हा कापायचं का? लिस्टरांची नजर फवाऱ्याच्या यंत्राला लावलेल्या रबरी नळीकडे गेली. तिचा एक तुकडा कापून त्यांनी त्याला भोकं पाडली, रात्रभर तो कार्बोलिकमध्ये भिजत ठेवला आणि सकाळी जखमेत बसवला. पुढल्या खेपेला पट्टी सोडली, तर पू नाहीच, फक्त थेंबभर स्वच्छ पाणी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसा काखेचा उपाय फवाऱ्यालाच लटकत होता. रबरी नळीची युक्ती पॅरिसच्या शासेन्याक यांनी १८५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली होती, पण स्वच्छ केलेल्या नळीचा गुण राणीच्या काखेत दिसला.

पुढे १८८० साली ॲबर्डीनच्या ऑगस्टन यांनी गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यांना द्राक्षांच्या घोसासारखे जंतू दिसले. १८८२ साली त्यांनीच त्यांना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिलं. आपल्या गळवांचा मुख्य कर्ता तो हाच. १८९० पर्यंत लिस्टरांनी हवेतला फवारा सोडून दिला होता. खरा धोका हवेतून कमी आणि हात, शस्त्र व कापड यांतूनच जास्त, हे त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. आपली चूक अशी चारचौघांत सांगायलाही मोठं मन लागतं.

मग १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा सुगावा लागला. १९४१ साली ऑक्सफर्डला तोंडा-डोक्यावर गळवं झालेल्या एका पोलिसाला ते टोचलं. तो सुधारू लागला, पण औषध संपलं आणि तो दगावला. आज औषध मुबलक आहे, म्हणून लोकांना वाटतं की गोळ्या घेतल्या म्हणजे झालं, कापायचं कशाला? पण पिकलेल्या गळवाच्या आत रक्त पोचत नाही, आणि रक्त पोचत नाही तिथे औषधही नीट पोचत नाही. साठलेल्या पुवाला वाट द्यावीच लागते. सुश्रुताचं ते म्हणणं अजून खोटं ठरलेलं नाही.

तेव्हा गुरुजनहो, वर्गातलं पोर मान वाकडी करून बसलं तर आधी विचारा, गळू तर नाही ना? सुरुवातीला कोमट पाण्याने शेकावं. दाबू नये, पिळू नये, घरच्या सुईने टोचू नये. नाक आणि वरचा ओठ यांवरचं गळू तर मुळीच पिळू नये, त्याचं विष मेंदूपर्यंत जाऊ शकतं. ताप आला, लाली पसरली, किंवा गळू पिकून मऊ झालं, की दवाखाना गाठावा. गळवं पुन्हा पुन्हा होत असतील तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

तिथे चिरा द्यायचा म्हटलं की पोर रडेल आणि आईचंही काळीज हलेल. तेव्हा त्या माउलीला एवढंच सांगा: बाई, हा चाकू निर्जंतुक केलेला आहे, हे हात धुतलेले आहेत. एका काळी राणीलाही जे नशिबाने मिळालं, ते आज तुझ्या लेकराला हक्काने मिळतं आहे.