चुनखडीची संगत
पारशिवनीच्या पट्ट्यातला दगड, त्याची धूळ आणि कायद्याची नजर

गावांची आणि वस्त्यांची नावे हा इतिहासाचा सर्वांत स्वस्त दस्तऐवज असतो. मुंबईत चुनाभट्टी आहे, नागपुरात गिट्टीखदान आहे. ज्या धंद्यावरून नाव पडले तो धंदा तिथून कधीच हलला. नाव मात्र पत्त्यात आणि पाटीवर उरले. पण त्या भट्टीत कळी भाजणारे, त्या खदानीत गिट्टी फोडणारे कोण होते, त्यांच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय झाले, याची नोंद नावाने ठेवलेली नाही. दगडाचा इतिहास आपण वास्तूंच्या बाजूने लिहितो. देऊळ, वाडा, धरण, सडक ही त्याची प्रकरणे. दगड हाताळणाऱ्या शरीराच्या बाजूने तोच इतिहास वाचला तर काय दिसते, ते नागपूर जिल्ह्यातील पारशिवनीच्या पट्ट्यापुरते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

जमिनीखालची शेजारपाजार

पारशिवनी म्हटले की आज आठवते ती पेंच नदी, नवेगाव खैरीचे धरण आणि तालुक्याच्या उत्तरेचे जंगल. दक्षिणेला कन्हान-पिपरी, टेकाडी, गोंडेगाव या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. पूर्वी रामटेक तहसिलीत मोडणारा हा भाग भूगर्भशास्त्रज्ञांना मात्र वेगळ्याच कारणाने परिचित आहे. सावनेर, पारशिवनी, रामटेक आणि पुढे भंडारा-बालाघाटपर्यंत जाणारा प्राचीन रूपांतरित खडकांचा एक पट्टा येथे आहे. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या सौंसर गावावरून त्याला सौंसर समूह म्हणतात. या समूहात संगमरवर आहे, डोलोमाइट आहे, म्हणजे चुनखडीचीच उष्णतेने आणि दाबाने बदललेली रूपे आहेत. त्यांच्या मांडीला मांडी लावून अभ्रकी शिस्ट, क्वार्ट्झाइट आणि मँगनीजचे थर बसले आहेत.

या मँगनीजने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूर जिल्ह्याला जगाच्या बाजारात नेले. मनसर, कांद्री, गुमगाव ही नावे इंग्लंडच्या पोलाद कारखान्यांपर्यंत पोचली. लुईस ली फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने भारतातील मँगनीजवर लिहिलेला प्रचंड ग्रंथ १९०९ साली भूगर्भ सर्वेक्षण विभागाने प्रसिद्ध केला. त्यात नागपूर आणि छिंदवाडा जिल्ह्यांतील स्फटिकी चुनखडीत सापडणाऱ्या मँगनीजचा एक स्वतंत्र प्रकारच त्याने मांडला. ज्या खडकांना त्याने ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते येथील गोंड समाजावरून. खडकाला माणसांचे नाव मिळाले. त्या माणसांच्या प्रकृतीचा हिशेब मात्र त्या ग्रंथाचा विषय नव्हता.

आपल्या विषयासाठी एवढेच लक्षात ठेवायचे की या पट्ट्यात चुनखडी क्वचितच एकटी येते. तिच्यासोबत क्वार्ट्झ येतो, अभ्रक येते, कुठे मँगनीज येते. कामगाराच्या प्रकृतीचा सगळा प्रश्न या संगतीत आहे.

चटका देणारा चुना

चुन्याच्या एका धोक्याची समज आपल्या समाजाला फार जुनी आहे. रामटेकचा परिसर पानमळ्यांसाठी प्रसिद्ध. पानाला चुना जास्त लागला की जीभ पोळते, हे येथे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. चुना भाजणे हा महाराष्ट्रात लोणारी समाजाच्या एका शाखेचा परंपरागत व्यवसाय. मीठ पिकवणारे मीठ-लोणारी आणि चुना भाजणारे चुने-लोणारी असा भेदही केला जाई. काळ्या जमिनीत आणि नदीकाठी सापडणारे चुनखडीचे खडे गोळा करायचे, लाकूड किंवा कोळशाच्या थरांत रचायचे आणि भट्टी पेटवायची. सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडले की तो खदखदतो, फुटतो, वाफ सोडतो. मग वाळू मिसळून बैलाच्या घाणीत तो मळला, की वाड्यांचा आणि देवळांचा चुना तयार होई.

कच्ची चुनखडी, कळीचा चुना आणि विरवलेला चुना ही एकाच घरातली तीन भावंडे असली तरी त्यांचे स्वभाव निराळे आहेत. कच्च्या चुनखडीची भुकटी त्वचेला कोरडी करते, डोळ्यात गेली तर खुपते, नाकाघशात खवखवते. पण भाजत नाही. कळीचा चुना घामावर, ओठांवर, डोळ्यांच्या ओलाव्यावर पडला की तिथेच विरू लागतो, आणि त्याची उष्णता व क्षार दोन्ही मांसात शिरतात. आम्लाची इजा बहुधा वरवर थांबते. क्षार मात्र आत उतरत जातो. चुना डोळ्यात गेल्यावर काही मिनिटांचा उशीरही दृष्टी घालवू शकतो, तो यामुळे. उपाय साधा आहे: अंगावरची कोरडी कळी आधी झटकायची, डोळा चोळायचा नाही, पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडायची आणि मग दवाखाना गाठायचा. भट्टीजवळ पाण्याची टाकी असणे ही सोय नव्हे, ते औषध आहे.

भट्टीचा दुसरा धोका वासाशिवाय येतो. जळत्या भट्टीतून कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. युरोपात थंडीच्या रात्री उबेसाठी चुनाभट्टीच्या कडेला झोपलेली निराश्रित माणसे सकाळी मृत सापडल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ऊब देणारी जागा जीव घेऊ शकते, हे भट्टीवर राबणाऱ्यालाही कुणीतरी सांगावे लागते.

स्वच्छतेचा पांढरा रंग

चुन्याने आपल्या सार्वजनिक जीवनात आणखी एक मान मिळवला, तो आरोग्यरक्षकाचा. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा घरे धुऊन भिंतींना चुना फासण्याची मोहीम सरकारने राबवली. पुढे चुन्याची पांढरी भिंत म्हणजे निर्जंतुक भिंत हे समीकरण शाळा, दवाखाने, तुरुंग आणि कारखाने यांत पक्के झाले. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या फॅक्टरी कायद्यातही कारखान्याच्या ज्या भिंतींना तैलरंग वगैरे नसेल त्यांना किमान १४ महिन्यांतून एकदा सफेती द्यावी, असे कलम होते.

म्हणजे कामगाराच्या आरोग्यासाठी चुना हवा, हे कायद्याने बारकाईने सांगितले. तो चुना कुठल्या भट्टीतून येतो, हा प्रश्न मात्र त्या कलमाच्या बाहेर राहिला. कायद्याची व्याख्याच अशी होती की विजेवर चालणाऱ्या कामात १० आणि विजेविना चालणाऱ्या कामात २० माणसे असली तरच तो कारखाना. चार कुटुंबे मिळून चालवलेली भट्टी, ठेक्यावर गिट्टी फोडणारी नवराबायको, घमेल्याने दगड वाहणाऱ्या पाच रेजा हे सारे सहज या रेघेखाली जात. सफेती दिलेल्या भिंतीआड संरक्षण होते. सफेती तयार होत होती त्या उघड्यावर ते नव्हते.

धुळीला नाव मिळते

दगडाच्या धुळीने माणूस मरतो, हे ज्ञान नवे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात दगडफोड्यांचे आणि चुना-जिप्समचे काम करणाऱ्यांचे स्वतंत्र विवेचन आहे. रोग्याला त्याचा धंदा विचारा, हा त्याचा वैद्यांना आग्रह होता. ‘सिलिकोसिस’ हा शब्द १८७० साली रूढ झाला. १९३० साली जोहान्सबर्गला या रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भारतात १९२३ साली कामगार भरपाईचा कायदा आला, पण त्याच्या सुरुवातीच्या रोगयादीत सिलिकोसिस नव्हता. १९४०च्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणींत साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली आणि सुमारे ४४ टक्के लोकांत सिलिकोसिस आढळला, तेव्हा हा परदेशी रोग नाही हे सिद्ध झाले.

चुनखडीला या साऱ्यात एक सवलत मिळत आली. तिची धूळ ‘उपद्रवी’ आहे, घातक नाही, असे वर्गीकरण झाले. शुद्ध चुनखडीपुरते ते बरेचसे खरेही आहे. कॅल्शियम कार्बोनेट फुप्फुसात विरघळू शकते. क्वार्ट्झ विरघळत नाही. पाच-सहा मायक्रॉनहून बारीक, म्हणजे डोळ्याला न दिसणारा त्याचा कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतो. त्याला गिळणारी संरक्षक पेशी स्वतःच मरते, आणि त्या जागी व्रणासारखी गाठ तयार होते. काम सोडले तरी गाठी वाढत राहू शकतात. क्षयाचा जंतू अशा फुप्फुसात सहज घर करतो. म्हणून पुष्कळदा क्षयाचे औषध दिले जाते आणि मूळ रोगाचे नाव कागदावर येतच नाही. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

आता पारशिवनीच्या पट्ट्यातल्या शेजारपाजाराकडे पुन्हा पाहू. येथे खदानीच्या कागदावर ‘डोलोमाइट’ किंवा ‘चुनखडी’ असे खनिजाचे नाव असले, तरी सुरुंगाचे भोक क्वार्ट्झच्या शिरेतूनही जाऊ शकते. वरचा थर काढताना शिस्ट फुटतो. क्रशरमध्ये नावाप्रमाणे दगड वेगळे होत नाहीत. फुप्फुसाला खनिजाच्या पट्ट्याचे नाव वाचता येत नाही. ते फक्त कण मोजते. मँगनीजचा अंश असेल तर प्रश्न आणखी वाढतो, कारण त्याच्या धुळीचा दीर्घ संपर्क मज्जासंस्थेला बाधतो. चालणे अडखळते, हात थरथरतात, चेहरा भावहीन होतो.

आपल्या खाण-नियमांत ही संगत ओळखणारे एक फार अर्थपूर्ण गणित पुढे आले. श्वासात जाणाऱ्या धुळीची मर्यादा ठरवताना १५ या आकड्याला धुळीतील क्वार्ट्झच्या टक्केवारीने भागायचे. क्वार्ट्झ १० टक्के असेल तर एका घनमीटर हवेत दीड मिलिग्रॅम. ३० टक्के असेल तर फक्त अर्धा मिलिग्रॅम. दगडाचे नाव तेच, मर्यादा एक-तृतीयांश. हा भागाकार करायला मात्र आधी धूळ तपासावी लागते.

त्याच भुकटीचा दुसरा चेहरा

चुनखडीची बाजूही सांगायला हवी. १९०६ साली फ्रान्समध्ये कूरिएरच्या कोळसा खाणीत कोळशाच्या धुळीचा भडका उडून १,०९९ माणसे मेली. इंग्लंडमध्ये विल्यम गारफोर्थ याने १९०८पासून ऑल्टोफ्ट्स येथे प्रयोग करून दाखवले की बोगद्यात दगडाची बारीक भुकटी पसरली तर स्फोटाची ज्वाला तिथे थांबते. भुकटी उष्णता शोषून घेते. यासाठी पुढे चुनखडीची भुकटी जगभर रूढ झाली आणि भारतातील भूमिगत कोळसा खाणींतही ती वापरात आहे. १९६५ साली धोरीच्या खाणीत २६८ कामगार स्फोटात गेले, तेव्हा धुळीचे हे शास्त्र किती जिवावरचे आहे ते देशाने पाहिले.

स्फोट रोखायला दुसऱ्या खडकांची भुकटीही चालली असती. तरी पसंती चुनखडीला मिळाली, कारण तिच्यात सिलिका कमी असते. स्फोटातून वाचवलेला माणूस त्या भुकटीनेच मरू नये. म्हणजे सिलिका मोजून दगड निवडण्याची रीत शंभर वर्षांपूर्वीच उद्योगाला ठाऊक होती. कोळशाच्या बोगद्यात जी काळजी घेतली, ती चुनखडीच्या उघड्या खदानीत घेणे अशक्य होते असे म्हणता येत नाही.

मोजमापाचा प्रश्न

उपाय काही महागडे नाहीत. भोक पाडताना पाण्याची धार, क्रशरच्या तोंडाशी फवारा आणि आच्छादन, वाहतुकीच्या रस्त्यावर पाणी, कोरडा झाडू बंद. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा घाम टिपतो, बारीक कण अडवत नाही. त्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटाच लागतो, आणि तोही धूळ कमी केल्यानंतरचा शेवटचा उपाय. कामाचे कपडे घरी नेऊन झटकले की धूळ पाळण्यापर्यंत पोचते.

संस्थाही दूर नव्हत्या. खाणकामगारांच्या आरोग्यासाठी १९९० साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था पुढे नागपुरातून काम करत होती. २०१९ साली ती अहमदाबादच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली. खाण-नियमांत ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी आहे, सिलिकोसिस आणि मँगनीजची विषबाधा हे कळवणे बंधनकारक असलेले रोग आहेत. २०२०च्या संहितेने फॅक्टरी आणि खाण कायद्यांसह १३ कायदे एकत्र केले. राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आखले, त्यात असंघटित खाणमजुरालाही वाट मिळाली. त्याची पहिली पायरी प्रमाणपत्र ही होती. रोगाला कागदावर नाव देणे.

तेच येथे कळीचे आहे. खाणीच्या वहीत किती टन दगड निघाला ते लिहिले जाते. त्या दगडात क्वार्ट्झ किती होता आणि तो कोणी किती वर्षे श्वासात घेतला, हे दोन आकडे मजुराच्या आरोग्यपत्रिकेत असले पाहिजेत. ठेकेदार बदलला, खदान बदलली, तरी ती पत्रिका त्याच्याबरोबर गेली पाहिजे. पारशिवनी, रामटेक किंवा सावनेरच्या ग्रामीण रुग्णालयात खोकणारा माणूस आला तर केसपेपरवर वयाच्या खालीच ‘काम कोणते, दगड कोणता, वर्षे किती’ हे तीन प्रश्न छापलेले असावेत. रामाझ्झिनीला सुचलेल्या प्रश्नाला तीनशे वर्षे उलटून गेली. तो विचारायला यंत्र लागत नाही.