रंगाला बांधणारी तुरटी

रोमन लेखक प्लिनी इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याने मागे ठेवलेल्या अवाढव्य ज्ञानसंग्रहात इजिप्तच्या रंगाऱ्यांविषयी काही ओळी आहेत. हे लोक पांढऱ्या कापडावर निरनिराळी द्रव्ये लावतात. ती लावल्यावर कापडावर काहीच दिसत नाही. मग ते कापड उकळत्या रंगाच्या कढईत बुडवतात आणि लगेच बाहेर काढतात. कढईत रंग एकच, पण कापडावर मात्र अनेक रंग उमटलेले असतात, आणि ते धुऊनही जात नाहीत. प्लिनीला या प्रकाराचे नवल वाटले आणि त्याने ते नोंदवून ठेवले. कारण मात्र त्याला सांगता आले नाही. ते नीट सांगता यायला पुढे सतराशेहून अधिक वर्षे जावी लागली.

हा मधला काळ आपण लोकरीच्या निमित्ताने पाहणार आहोत. घरच्या चुलीवर, साध्या भांड्यात रंगवता येईल असा सर्वांत सोयीचा धागा म्हणजे लोकर. त्यामुळे रंगकामाचे ज्ञान कारखान्यांत जितके वाढले, तितकेच ते स्वयंपाकघरांतही वाढले. आणि एका पिढीत ते कसे हरवू शकते, हेही या इतिहासातून दिसते.

लोकरीचा स्वभाव

लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन. आपले केस आणि नखे याच प्रथिनाची असतात. प्रथिनाच्या साखळीवर ठिकठिकाणी आम्लधर्मी आणि अल्कधर्मी गट असतात, आणि रंगाच्या रेणूंना पकडायला हे गट म्हणजे तयार हातच. कापूस हा सेल्युलोजचा बनलेला असतो. त्याच्यापाशी असे हात जवळजवळ नसतात. म्हणूनच जो रंग लोकरीवर सहज चढतो तो सुतावर बहुधा टिकत नाही.

काही वनस्पतिज रंगांना लोकरीवर चढण्यासाठी दुसऱ्या कशाचीच मदत लागत नाही. स्कॉटलंडच्या बेटांवर बायका खडकांवरचे ‘क्रॉटल’ नावाचे दगडफूल खरवडून आणत. भांड्यात एक थर लोकरीचा आणि एक थर दगडफुलाचा असे रचून ते तासन्‌तास उकळले, की लोकरीला पक्का तांबूस तपकिरी रंग येई. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल याच कुळातले आहे.

निळीची तऱ्हा वेगळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी, रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, तिचे क्षपण करावे लागते. युरोप-अमेरिकेतल्या अनेक शेतकरी घरांत चुलीजवळच्या उबेत निळीचे मडके ठेवलेले असे आणि त्यात चक्क साठवलेले मूत्र असे. मूत्र आंबले की अमोनिया तयार होतो, आणि त्यातले जिवाणू निळीचे क्षपण करतात. अशा मडक्यातून काढलेली लडी आधी पिवळसर हिरवी दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळी होते. त्या घरातल्या बाईला जिवाणू ठाऊक नव्हते आणि क्षपणही. पण मडके ‘लागले’ की नाही, हे ती वासावरून आणि पाण्यावरच्या तवंगावरून अचूक ओळखत असे.

तुरटीचे मोल

बहुतेक वनस्पतिज रंगांना मात्र एका मध्यस्थाची गरज असते. मंजिष्ठाच्या मुळांचा लाल, कांद्याच्या सालींचा पिवळा, कोचिनियल किंवा लाखेच्या किड्यांचा किरमिजी, हे सारे रंग नुसत्या लोकरीवर फिके बसतात. आधी लोकर तुरटीच्या पाण्यात उकळली, तर ते खुलतात आणि टिकतात. अशा द्रव्याला मराठीत आपण ‘रंगबंधक’ म्हणतो. युरोपीय भाषांतला त्याचा शब्द ‘चावणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. तुरटी धाग्याला चावते आणि त्यामुळे रंगाला आत शिरता येते, अशी त्या काळची समजूत होती.

हे ज्ञान फार जुने आहे. मोहेंजोदडो येथे एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला. तो मंजिष्ठाच्या जातीच्या रंगाने रंगवलेला होता. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या उपखंडातल्या रंगाऱ्यांना सुतासारख्या हट्टी धाग्यावरही लाल रंग बसवता येत होता, याचा हा पुरावा. इजिप्तमध्ये सापडलेल्या आणि आज ‘स्टॉकहोम पपायरस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या ग्रीक हस्तलिखितात दीडशेच्या आसपास कृती आहेत. त्यांतल्या कितीतरी लोकर धुण्याच्या, तिला तुरटी देण्याच्या आणि स्वस्त द्रव्यांतून महागड्या जांभळ्या रंगाची नक्कल करण्याच्या आहेत.

ज्या मालावाचून कापडाचा धंदा चालत नाही, त्याचे राजकारण होणारच. मध्ययुगात युरोपला लागणारी चांगली तुरटी मुख्यतः आशिया मायनरमधून येई. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती गेले आणि हा पुरवठा धोक्यात आला. तिथे पूर्वी रंगवलेल्या कापडाचा धंदा केलेला जिओव्हानी दा कास्ट्रो इटलीत परतला होता. रोमजवळच्या तोल्फाच्या डोंगरात त्याला काही झुडपे दिसली. तशीच झुडपे त्याने आशियातल्या तुरटीच्या डोंगरांवर पाहिली होती. त्याने तिथले पांढरे दगड भाजून आणि उकळून पाहिले आणि १४६१ च्या सुमारास युरोपला स्वतःची तुरटी मिळाली. पोपने तिच्यावर मक्तेदारी बसवली आणि तुर्कांची तुरटी विकत घेणाऱ्या ख्रिश्चनांवर धार्मिक बंदी घातली. एका व्यापाऱ्याची वनस्पती ओळखणारी नजर एवढ्या मोठ्या व्यवहाराच्या मुळाशी होती.

कोंदण आणि खेकड्याची नांगी

रंगाऱ्यांच्या कृती पिढ्यान्‌पिढ्या गुप्त राहत. १५४८ मध्ये व्हेनिसच्या जिओव्हानव्हेंतुरा रोसेत्ती याने त्या गोळा करून ‘प्लिक्तो’ या नावाने छापल्या. रंगकामावरच्या आरंभीच्या छापील ग्रंथांत हा महत्त्वाचा मानला जातो. पण त्यात होते ते ‘कसे’, ‘का’ नव्हते.

‘का’ विचारण्याची सुरुवात अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाली. ज्याँ एलो या रसायनज्ञाने १७५० मध्ये लोकर रंगवण्यावर ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे, की उष्णतेने धाग्याची छिद्रे उघडतात, रंगाचे कण आत शिरतात आणि तुरटी त्यांना, अंगठीच्या कोंदणात हिरा बसवावा तशी, घट्ट धरून ठेवते. कल्पना सुंदर होती. पण तुरटीऐवजी लोहाचा क्षार घेतला तर त्याच मंजिष्ठाचा रंग लालऐवजी काळपट जांभळा का होतो, याचे उत्तर कोंदणातून मिळेना. कोंदण बदलले म्हणून हिऱ्याचा रंग बदलत नाही! १७९१ मध्ये क्लोद बर्तोले याने आपल्या ग्रंथात वेगळा विचार मांडला. धागा, रंगबंधक आणि रंग यांच्यात रासायनिक आकर्षण असते आणि त्यातून नवे संयुग बनते, असे त्याचे प्रतिपादन होते.

आज आपल्याला माहीत आहे, की बर्तोलेची दिशा बरोबर होती. तुरटीतला ॲल्युमिनियमचा आयन एका बाजूने लोकरीतल्या आम्लधर्मी गटांशी जोडला जातो आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूतले शेजारशेजारचे दोन ऑक्सिजन त्याला खेकड्याच्या नांगीप्रमाणे पकडतात. ॲल्युमिनियमच्या जागी लोह आले की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, शोषला जाणारा प्रकाश बदलतो आणि म्हणून दिसणारा रंगही बदलतो. प्लिनीच्या कढईचे कोडे इथे सुटते. कापडावरची न दिसणारी द्रव्ये म्हणजे निरनिराळी रंगबंधके होती.

या ज्ञानात आपल्याकडची एक महत्त्वाची भर सांगायला हवी. लाखेच्या किड्यापासून मिळणारा किरमिजी रंग भारतात शतकानुशतके रेशमाला आणि लोकरीला देत आले आहेत. त्या रंगातल्या लॅकाइक आम्लांच्या रचना १९६० च्या दशकात आणि त्यानंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. के. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडल्या.

वीस वर्षांत विसर

१८५६ मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन सुट्टीत आपल्या घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनीन मिळाले नाही. मिळाला एक जांभळा रंग. तो रेशमावर आणि लोकरीवर रंगबंधकाशिवाय बसत होता. पुढे १८६२ मध्ये निकल्सनने एका कृत्रिम निळ्या रंगावर गंधकाम्लाची क्रिया करून तो पाण्यात विरघळणारा बनवला. ‘आम्लरंग’ या कुळाची ही सुरुवात. पाणी थोडे आम्लधर्मी केले की लोकरीतल्या अमिनो गटांवर धनभार येतो आणि आम्लरंगाचा ऋणभारित रेणू तिकडे ओढला जातो. तुरटीची गरजच उरली नाही.

१८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान यांनी मंजिष्ठातला मुख्य रंग, ॲलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला. १८६९ च्या जूनमध्ये जर्मन गटाने आणि पर्किनने त्याच्या उत्पादनाच्या पेटंटसाठी एका दिवसाच्या अंतराने अर्ज केले. दक्षिण फ्रान्समध्ये आणि हॉलंडमध्ये मंजिष्ठ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा धंदा त्यानंतर थोड्याच वर्षांत बसला. फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारी १८२९ पासून मंजिष्ठाने रंगत. पुढे त्या जर्मन कारखान्यांतल्या ॲलिझरिनने रंगू लागल्या. निळीचे हेच १८९७ नंतर झाले, आणि त्याची झळ भारताला बसली.

घरात काय झाले? १८८० च्या दशकात अमेरिकेत ‘डायमंड डाइज’सारख्या छोट्या पुड्या दुकानात मिळू लागल्या. पुडी पाण्यात टाकायची, लोकर उकळायची, काम झाले. ही मोठीच सोय होती आणि तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याबरोबर मडक्याचा वास ओळखणारी, पाल्याचा हंगाम जाणणारी पिढी निरुद्योगी झाली.

१८७५ च्या सुमारास विल्यम मॉरिस या कवी-कलावंताला आपल्या गालिच्यांसाठी जुने रंग हवे झाले, तेव्हा पर्किनच्या शोधाला जेमतेम वीस वर्षे झाली होती. तेवढ्यात इंग्लंडमध्ये हे काम चांगले शिकवू शकणारी माणसे विरळ झाली होती. मॉरिसने एलोसारख्यांचे जुने ग्रंथ वाचले आणि लीक या गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कारखान्यात स्वतः कढयांशी उभे राहून शिकायला सुरुवात केली. याच वॉर्डलने पुढे इंडिया ऑफिससाठी भारतीय रंगद्रव्यांची पद्धतशीर तपासणी केली. १९१६ मध्ये एथेल मेरे या विणकर बाईंनी वनस्पतिज रंगांवर एक छोटे पुस्तक काढले. लोकर हाताने रंगवणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या या पुस्तकावर शिकल्या.

आम्हांला यातून एक गोष्ट विशेष वाटते. जे ज्ञान लिहिले गेले ते परत मिळवता आले, अर्थात हातांनी पुन्हा करून पाहिल्यावरच. जे फक्त हातांत होते ते हातांबरोबर गेले. आपल्याकडे निराळी, रंगारी ही नावे अजून आहेत. निराळी म्हणजे निळीने रंगवणारे. मुंबई इलाख्यातल्या रंगांवर आणि रंगकामावर फॉसेट यांची पुस्तिका १८९६ मध्ये निघाली, पण तोवर कृत्रिम रंग इथल्या बाजारातही पोचले होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

प्लिनीने वर्णन केलेला प्रयोग शाळेत सहज होतो. त्यासाठी पांढरी, खरी लोकर हवी. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिकचा असतो. शिक्षकांनी त्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. जळक्या केसांचा वास आला आणि राख हाताने चुरगळली, तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ॲक्रिलिक.

दहा-दहा ग्रॅमच्या तीन सैल लड्या बांधून कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन घ्याव्यात. पहिली तशीच ठेवावी. दुसरी सुमारे एक ग्रॅम तुरटीच्या पाण्यात आणि तिसरी पाव ग्रॅम हिराकस घातलेल्या पाण्यात, वेगवेगळ्या भांड्यांत, मंद आचेवर तासभर तापवावी. तीस ग्रॅम कांद्याच्या कोरड्या साली उकळून व गाळून घ्याव्यात आणि तिन्ही लड्या त्या एकाच पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवाव्यात. कढई एक, पण नुसती लडी फिकट तपकिरी, तुरटीची सोनेरी-नारिंगी आणि हिराकसाची मळकट हिरवट होईल. लोकर फार ढवळू नये आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकू नये. तिच्या धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो.

चौथी लडी पाणी, थोडे व्हिनेगर आणि चिमूटभर खाण्याचा पिवळा किंवा केशरी रंग यांत तापवावी. खाण्याचे हे रंग आम्लरंगांच्याच कुळातले आहेत. रंग बेताचा घेतला असेल, तर थोड्या वेळाने भांड्यातले पाणी जवळजवळ नितळ होते, कारण रंग सगळा लोकरीत गेलेला असतो. व्हिनेगर न घालता हेच करून तुलना करावी.

एक इशारा आवश्यक आहे. ‘वनस्पतिज’ म्हणजे निर्धोक, असे मानू नये. एथेल मेरे यांच्या पुस्तकात पोटॅशियम डायक्रोमेट आणि कथिलाचे क्षार हीही रंगबंधके आहेत. डायक्रोमेटमधले क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे आता माहीत झाले आहे. ते शाळेत किंवा घरात वापरू नये. तुरटी आणि हिराकस यांसाठीही भांडी निराळी ठेवावीत आणि ती पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत.

चारही लड्या वाळल्यावर प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून महिनाभर उन्हात टांगावा आणि कोणता रंग किती उडाला याची नोंद विद्यार्थ्यांनी वहीत करावी. लोकरीचे वजन, तुरटीचे वजन, पाणी, वेळ, तारीख हे सर्व लिहावे. गावात जुने रंगारी किंवा घोंगडी विणणारे कोणी असतील, तर त्यांना विचारून त्यांच्या कृतीही त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात.