सुईण, वैद्य आणि डॉक्टर : इंदूरच्या स्त्री-आरोग्याचा एक धडा



इंदूरचा इतिहास म्हटला की राजवाडा, छत्र्या आणि अहिल्याबाईंची पुण्याई आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आज मात्र मी आपणास बाळंतिणीच्या खोलीचा इतिहास सांगणार आहे. त्या खोलीत सुईण, वैद्य आणि डॉक्टर अशा तीन विद्या एकामागून एक आल्या. त्यांचा मिलाफ व्हावा, असे आज सर्वच म्हणतात. हा मिलाफ नेमका कोठे होतो, औषधांच्या कपाटात की शिकवण्याच्या खोलीत, हा माझ्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम इंदूरची हकिकत पाहू. 1854 नंतर मध्य भारत एजन्सीचे ठाणे येथे झाले आणि रेसिडेन्सीच्या आश्रयाने पाश्चात्य वैद्यक या नगरीत स्थिरावले. 1878 साली येथे वैद्यकीय शाळा निघाली. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल या नावाने ओळखली गेली. परंतु त्या काळी अनेक घरांतील स्त्रिया परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवीत नसत. शाळेत विद्या होती, पण ती माजघराच्या उंबरठ्याशी अडत होती. 1884 साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी इंदुरास आल्या. त्यांच्या पाठोपाठ डॉ. मेरियन ऑलिव्हर आल्या आणि 1891 मध्ये मिशनचे स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. मिशनचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरता येत नाही. तथापि स्त्री-डॉक्टरने त्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले, हेही तितकेच खरे.

आत कोण होते? आत सुईण होती आणि तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. शेक-शेगडी, बाळंतशेपा, ओवा, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती या गोष्टी मराठी घरांनी माळव्यातही जपल्या. थकल्या देहाला ऊब, पौष्टिक अन्न आणि विसावा देणारी ही व्यवस्था होती. मात्र त्याच खोलीत अस्वच्छ विळ्याने नाळ कापली जाई, तिच्यावर राख किंवा शेण लावले जाई आणि आठवड्याच्या आत कित्येक अर्भके धनुर्वाताने दगावत. आईचा पहिला चीक अशुद्ध म्हणून टाकून दिला जाई. एकाच हाताने जीव वाचवावा आणि त्याच हाताने नकळत घालवावा, अशी ही स्थिती होती.

आपल्या प्राचीन ग्रंथांची आज्ञाच अशी होती, असे कोणी समजू नये. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीसाठी वयाने प्रौढ, विश्वासू, अनुभवी अशा चार स्त्रिया सांगितल्या आहेत आणि त्यांची नखे कापलेली असावीत, अशी अट घातली आहे. चरकसंहितेतील एक प्रसंग तर मला फार मोलाचा वाटतो. कळा सुरू झाल्यावर स्त्रीने मुसळाने धान्य कांडावे, असे काहींचे मत तेथे नोंदवले आहे. भगवान आत्रेय ते स्पष्ट शब्दांत नाकारतात. गर्भिणीला दारुण श्रम वर्ज्य आहेत, तिने हळूहळू चालावे, असे ते सांगतात. म्हणजे प्रचलित रूढी ऐकून घ्यावी, तिची छाननी करावी आणि घातक असेल तर ती टाकावी, ही रीत आपल्या परंपरेतच होती. ग्रंथ पाठ झाला, पण ही रीत मागे पडली.

आता डॉक्टरांच्या घराकडे वळू. व्हिएन्नाच्या शिकाऊ रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्यात सुइणी. विद्यार्थ्यांच्या कक्षात सूतिकाज्वराने होणारे मृत्यू सुइणींच्या कक्षाहून कितीतरी अधिक होते. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागत, हे त्याचे कारण 1847 साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले आणि हात धुण्याचा नियम घातला. मृत्यू झपाट्याने घटले, तरीही त्यांच्या कित्येक सहकाऱ्यांनी तो निष्कर्ष मानला नाही. अहंकार काही एकट्या वैद्यांची किंवा सुइणींची मिरास नव्हे.

याच्या उलट उदाहरणही आहे. राय नावाच्या धान्यावर येणारी अर्गट ही बुरशी युरोपातील सुइणी कळा वाढविण्यासाठी देत. जॉन स्टर्न्स या अमेरिकन डॉक्टरने एका स्त्रीकडून ती माहिती घेतली आणि 1808 साली प्रसिद्ध केली. पुढे अनुभवाने कळले की, प्रसूतीपूर्वी दिल्यास ही बुरशी माता व बालक दोघांच्याही जिवावर बेतते. म्हणून तिचा उपयोग प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यापुरता सीमित झाला. 1935 मध्ये त्यातील अर्गोमेट्रिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. सुइणीचे ज्ञान ऐकून घेतले, तपासले, त्याला मर्यादा घातली आणि त्यातील गुण शुद्ध रूपात हाती आला. मिलाफ म्हणतात तो याला.

आपल्याकडे असा प्रयत्न एका मराठी मुलीने केला होता. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास ज्यांचे पहिले मूल दहा दिवसांत गेले, त्या मुलीने परक्या देशाच्या विद्यापीठात आपल्याच देशाची प्रसूतिविद्या अभ्यासाला घ्यावी, यात मला केवळ देशाभिमान दिसत नाही. त्यात एक प्रश्न दिसतो. दुर्दैवाने 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले आणि तो प्रश्न कोणत्याही शिकाऊ रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचला नाही.

सरकारी आणि धर्मादाय प्रयत्न चालू राहिले. 1885 साली डफरिन फंड स्थापन झाला. 1903 मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दाईंच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी सुरू झाला. पण या योजनांत दाईने ऐकायचे आणि शिक्षकाने सांगायचे, असाच शिरस्ता होता. तिला काय ठाऊक आहे, हे विचारण्याची पद्धत रुजली नाही.

इंदूरला हा विचार पुन्हा आला तो वेगळ्या वाटेने. 22 फेब्रुवारी 1944 रोजी आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचे देहावसान झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमला. तो खेड्यांतील स्त्रिया आणि मुलांसाठीच खर्च व्हावा, असा गांधीजींचा आग्रह होता. या कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्टचे मुख्य ठाणे पुढे इंदूरजवळ कस्तुरबाग्राम येथे आले. ग्रामसेविकांचे आणि प्रसूतिसेविकांचे शिक्षण हे ट्रस्टच्या आरंभीच्या कार्यातच होते. खेड्यातील स्त्रीलाच शिकवून तिच्या गावी परत धाडायचे, हा त्यामागचा विचार साधा होता आणि मूलगामीही.

मधल्या काळात देशाचे आरोग्यचित्र काय होते? 1946 च्या भोर समितीच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी सुमारे 2 लाख स्त्रिया प्रसूतीच्या कारणाने मृत्यू पावत, म्हणजे दर हजार जन्मांमागे जवळजवळ 20. चोप्रा समितीने 1948 मध्ये देशी आणि पाश्चात्य वैद्यकाच्या समन्वयाची शिफारस केली, पण पुढे ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ आयुर्वेदाच्या वादात ती विरून गेली. इंदुरातही आज महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आणि शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय या दोन संस्था आहेत. दोन्हीकडे प्रसूती आणि स्त्रीरोग हा विषय शिकवला जातो, परंतु दोन वेगळ्या छपरांखाली.

गेल्या काही दशकांत फार मोठी मजल मारली गेली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशात 2005-06 साली शंभरातील सुमारे 26 प्रसूती रुग्णालयात होत. 2019-21 मध्ये हे प्रमाण 90 च्या वर गेले. तरीही 2018-20 या काळात दर लाख जन्मांमागे माता-मृत्यूंचे प्रमाण महाराष्ट्रात 33, तर मध्य प्रदेशात 173 होते. ज्या प्रांतात आपण राहतो, त्याचा हा आकडा आहे. खाट मिळाली म्हणजे काळजी मिळाली, असे नव्हे, हेच तो सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली दिलेल्या सूचनांत प्रसववेदनांच्या काळात स्त्रीला हिंडू-फिरू द्यावे आणि तिच्या पसंतीचे माणूस तिच्याजवळ असू द्यावे, असे म्हटले आहे. आत्रेयांचा सल्ला आणि सुश्रुतांच्या त्या चार स्त्रिया यांचे येथे स्मरण होते. मात्र ‘आमच्याकडे हे सारे होतेच’ असे म्हणून समाधान मानणे मला मान्य नाही. नखे कापण्याची अट ग्रंथात होती आणि विळा घरात होता, हाही आपलाच इतिहास आहे. काढा असो वा इंजेक्शन, बाळंतिणीला त्याने काय होते, एवढी एकच कसोटी दोहोंना लागली पाहिजे.

म्हणून माझे निवेदन असे की, मिलाफ करावयाचा तो शिकवण्याच्या खोलीत करावा. दोन्ही महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी एका खाटेजवळ उभे राहावे, त्या स्त्रीला घरी काय दिले गेले, काय वर्ज्य केले गेले, हे तिच्याच शब्दांत ऐकावे, लिहून ठेवावे आणि मग त्याची परीक्षा करावी. जी वृद्ध सुईण अद्याप कोठे हयात असेल, तिलाही या वर्गात आसन असावे. ती निरक्षर असेल, पण तिने हजारो जन्म पाहिले आहेत, आणि तिच्याबरोबर जे जाईल ते पुन्हा मिळणार नाही.

या शाळेतून अनेक डॉक्टर, वैद्य आणि परिचारिका बाहेर पडल्या असतील, आणि त्यांपैकी काही आज या सभागृहात बसल्या असतील. त्यांनी हे निवेदन आपल्या मनाशी तोलून पाहावे, एवढी माझी विनंती आहे.